तालमीतलं घड्याळ

जोर मारताना गायकवाड साहेब खाली गेले की त्यांच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाचा पोलादी पट्टा फरशीला लागायचा आणि खट् असा आवाज यायचा. वर आले की आवाज थांबायचा. परत खाली, परत खट्. गोरख वस्तादांनी आधी खाकरून पाहिलं. मग हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली, मग ती उगाचच पुन्हा उचलली. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

“साहेब, त्ये घड्याळ काढा.”

“राहू द्या, वस्ताद. मला सवय आहे.”

“तुमाला आसंल. आमाला न्हाई.”

हौदातल्या लाल मातीत लंगोट कसून उभी असलेली पोरं हसली. गायकवाड हसले नाहीत आणि थांबलेही नाहीत. खट्, खट् करत त्यांनी आपले जोर पुरे केले, उठले, टॉवेलनं आधी घड्याळाची काच पुसली आणि मग स्वतःचं तोंड. ते बघून वस्तादांच्या मस्तकात तिडीक गेली. आधी कपाळाचा घाम पुसावा की काचेचा, एवढंही कळू नये म्हणजे त्या शिक्षणाचा उपयोग तरी काय?

घड्याळ साधंसुधं नव्हतं. गायकवाडांचे मामा बोटीवर कामाला होते. भाचा साखरेचं मोठं शिक्षण घेऊन श्रीगोंद्याकडच्या शुगर फॅक्टरीत केमिस्ट म्हणून लागला, तेव्हा त्यांनी ते स्वित्झर्लंडचं घड्याळ त्याला आणून दिलं होतं. पांढरी तबकडी, सोनेरी काटे, आणि किल्ली म्हणून द्यायची नाही. हात हलत राहिला की आपलं आपण चालणार. तसलं घड्याळ त्या भागात दुसरं असलंच तर फॅक्टरीच्या चेअरमनच्या हातात असेल, आणि चेअरमन काही ते घालून जोर मारत नव्हते. गावात टिंगल सुरू झाली होती. व्यायाम घड्याळाचा चाललाय, साहेब नुसते त्याला सोबत म्हणून जातात, असं छगन हॉटेलवाला गिऱ्हाइकांना सांगायचा.

बरं, एवढं भारी घड्याळ हाताला आणि माणूस रोज उशिरा. सकाळी मारुतीची आरती व्हायची, सगळी तालीम हात जोडून उभी असायची, आणि आरती संपून कापूर विझला की हे दारात. शनिवारी तर कमालच. शनिवारी नारळ फुटायचा, खोबऱ्याचा प्रसाद वाटायचे. नेमकं त्याच्या आधी साहेब मनगट वर करून घड्याळात बघणार, “शिफ्ट आहे” म्हणणार आणि सदरा खांद्यावर टाकून चालू लागणार. येताना वेळ कळत नाही आणि जाताना चुकत नाही, हे कसलं घड्याळ, असं वस्ताद मनात म्हणायचे. मनात म्हणून भागलं नाही की मोठ्यानंही म्हणायचे.

तालमीचा रिवाज सोपा होता. हौदाच्या वरच्या अंगाला भिंतीत मारुती होता आणि त्याच्या पायाशी एक लांबट कोनाडा. हौदात उतरणाऱ्या गड्यानं अंगावरचं जे काही असेल ते, ताईत, अंगठी, कानातली बाळी, त्या कोनाड्यात ठेवायचं, मारुतीच्या पाया पडायचं, शेंदराचं बोट कपाळाला लावायचं आणि मग मातीत उतरायचं. कोनाड्याला दार नव्हतं, कुलूप नव्हतं. एका पैलवानाची सोन्याची अंगठी आठवडाभर तिथं विसरून राहिली होती आणि तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. ही गोष्ट वस्ताद प्रत्येक नव्या गड्याला सांगायचे. गायकवाडांना त्यांनी ती दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना तर अंगठीचं कडं झालं.

“माझा इथल्या कोणावर अविश्वास नाही,” गायकवाड म्हणाले होते. “पण घड्याळ राहू द्या.”

आणि घड्याळ घालून मातीत उतरता येत नाही हे त्यांनाही मान्य होतं. समोरच्याला ओरखडा बसेल, घड्याळात माती जाईल. म्हणून ते उतरायचेच नाहीत. काठावरच्या फरशीवर जोर काढायचे, बैठका मारायचे, मुद्गल फिरवायचे, आणि मग हौदाच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांची झोंबाझोंबी बघायचे.

वस्तादांचा खरा जळफळाट इथं होता. हा माणूस नुसता व्यायामाचा शौकीन नव्हता. पहिल्या दिवशी सदरा काढला तेव्हाच वस्तादांनी त्याचे चुरगळलेले कान पाहिले होते, खांद्यात रुतलेली मान पाहिली होती. असे कान फरशीवर जोर काढून होत नसतात. त्यासाठी वर्षानुवर्षं माती खावी लागते. आणि वस्तादांना नेमका असाच गडी पाहिजे होता.

जत्रा जवळ आली होती. शेवटच्या, मानाच्या कुस्तीला यंदा पहिल्यांदाच गावचा गडी धरला होता. वस्तादांचा पठ्ठ्या सहादेव. समोर कर्जतकडचा एक धिप्पाड पैलवान होता आणि सहादेवला तालमीत त्या तोलाचा जोडीदार नव्हता. बाकीचे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कोणी हलकं, कोणी आळशी, कोणी लग्न होऊन सुटलेलं. सहादेव त्यांना रोज सहज पाडायचा आणि रोज सहज पाडणारा गडी जत्रेत हमखास पडतो, हे वस्तादांना स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं.

एकदा सहादेव असाच कोणालातरी चीत करून उठत होता, तेव्हा काठावरून गायकवाड हळूच म्हणाले,

“पाय धरायला, पटाला जाताना याचा डावा पाय मागं राहतोय.”

वस्तादांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. हेच त्यांना कालपासून खुपत होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

“मंग उतरा की मातीत. दावा त्येला.”

गायकवाड हौदाकडं बघत राहिले. मातीत आदल्या दिवशीच ताक, तेल आणि हळद घालून ती खालीवर केली होती; वास सगळ्या तालमीत भरला होता. साहेबांच्या पायाचा अंगठा काठावरून खाली गेला आणि मातीत रुतला. तेवढ्यात त्यांनी पाय मागं घेतला.

“घड्याळ आहे ना,” ते म्हणाले.

त्या दिवशी घरी जेवताना वस्तादांनी भाकरीवरही राग काढला.

“एवढ्या मोलाचा गडी आन् घड्याळापायी वाया चालला. काच जपतोय काच. बायकूला सुदिक कोन यवढं जपत न्हाई.”

“त्ये तर दिसतंयच,” त्यांची बायको रतनबाई कालवण वाढत म्हणाली. “पन मी म्हन्ते, रोज त्येच्या घड्याळावर वरडताय, कवा त्येला ईचारलं का, बाबा तुझं दुखनं काय हाय?”

“घड्याळ हाय त्येचं दुखनं.”

“मंग घरी ठिवून ये म्हना.”

हे वस्तादांना सुचलंच नव्हतं याचाही त्यांना राग आला. सकाळी त्यांनी तेच सांगितलं. गायकवाड क्षणभर थांबून म्हणाले की खोलीचं कुलूप बिघडलंय. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी स्वतःच्या घरातलं, धान्याच्या खोलीचं, मूठभर कुलूप आणून त्यांच्या हातात ठेवलं. त्यावरून रतनबाई दिवसभर बोलली नाही आणि उंदीर-घुशींचं खापरही वस्तादांच्या डोक्यावर फुटलं. एवढं करून तिसऱ्या दिवशी पाहतात तर घड्याळ मनगटावर आहेच.

“आता काय झालं?”

“ते ऑटोमॅटिक आहे, वस्ताद. हातात नसलं, हललं नाही, की बंद पडतं.”

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वस्तादांनी काठी फरशीवर आपटली. इतके दिवस त्यांना हा माणूस श्रीमंतीचा माज असलेला वाटत होता. आता तो वेडा वाटू लागला.

त्यातच भाऊसाहेबांनी विषय हातात घेतला. तालीम त्यांच्या आजोबांनी बांधलेली, आरतीचा मान त्यांच्या घरचा. निवडणुकीचे दिवस होते. तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी नुकतंच पक्षाचं गाय-वासरू रंगवून घेतलं होतं आणि त्या भिंतीवर जेवढा हक्क तेवढाच आतल्या माणसांवर, असं ते धरून चालत. गायकवाडांवर त्यांचा आधी लोभ होता. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं होतं आणि “बडोद्याचे काय?” म्हणून स्वतःच मोठ्यानं हसले होते. गायकवाड नुसतं घड्याळात बघून “उशीर होतोय” म्हणाले होते. तेव्हापासून भाऊसाहेब त्यांना बडोदेकर म्हणायचे.

“वस्ताद, ह्ये बरं न्हाई,” भाऊसाहेब म्हणाले. “पोरं बोलाया लागली. मारुतीच्या पायाशी घड्याळ ठिवायला ह्येला भीती वाटती म्हंजे आपन चोर झालो का?”

“तसं न्हाई म्हनत त्ये.”

“मंग कसं? एक तर घड्याळ कोनाड्यात, न्हाई तर गडी भाईर. उद्याच्याला मी सोता उभा ऱ्हातो.”

उद्या शनिवार होता.

रात्री वस्तादांनी डोकं चालवलं आणि सकाळी गायकवाड दारात दिसताच त्यांच्यापुढं आपला हात केला.

“बांधा.”

“काय?”

“घड्याळ. माझ्या हाताला बांधा. कोनाडा नगं, कुलूप नगं. तुमी मातीतनं भाईर येस्तवर मी हात हालवत ऱ्हातो. हालल्यावर चालतंय म्हनला ना तुमी? चालू द्या.”

पोरं खोखो हसली. सहादेवनं तर हसता हसता पाठ वळवली. गायकवाड वस्तादांच्या त्या राकट, केसाळ हाताकडं बघत उभे राहिले. सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यांनी पट्टा सोडवला. घड्याळाखालचं कातडं बाकीच्या हाताच्या मानानं फिकं पडलं होतं. वस्तादांच्या मनगटाला पट्टा जेमतेम पुरला. वस्तादांनी खरोखरच हात झुलवायला सुरुवात केली. मनात म्हणाले, एवढ्यासाठी माणसाला माकड व्हावं लागलं, पण गडी मिळाला.

गायकवाडांनी लंगोटाची गाठ पाहिली. ते हौदाच्या काठावर आले. खाली सहादेवनं शड्डू ठोकला. गायकवाडांनी एक पाय मातीत ठेवला, आणि तो ठेवताना त्यांनी डोळे मिटले हे वस्तादांनी पाहिलं.

“हां, हां, बडोदेकर,” मारुतीजवळून भाऊसाहेबांनी हाक मारली. त्यांच्या हातात शेंदराची वाटी होती. “आधी हिकडं. देवाच्या पाया पडा, कपाळ पुढं करा, मंग माती.”

गायकवाड होते तिथंच थांबले. एक पाय मातीत, एक फरशीवर. सगळी तालीम त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी मारुतीकडं पाहिलं, भाऊसाहेबांच्या शेंदूर लागलेल्या बोटाकडं पाहिलं. मग नेहमीसारखं डावं मनगट वर केलं आणि त्यात वेळ बघितली.

मनगटावर काही नव्हतं.

पोरांना हसायला एवढं पुष्कळ होतं. भाऊसाहेबही हसले. हसले नाहीत ते फक्त वस्ताद. झुलवत असलेला त्यांचा हात थांबला. गायकवाडांनी मातीतला पाय काढून घेतला, खुंटीवरचा सदरा-पायजमा ओढला, कसाबसा अंगात घातला आणि ते बाहेर पडले.

“घ्या,” भाऊसाहेब म्हणाले. “माज बघा.”

वस्ताद त्यांच्या मागं निघाले ते घड्याळ द्यायला. निदान दारातून बाहेर पडताना त्यांना तसंच वाटत होतं. पण उसाच्या बैलगाड्यांमधून वाट काढत, वयाला न शोभेल अशी धाव घेत ते फॅक्टरीच्या रस्त्याला लागले तेव्हा एक गोष्ट त्यांना टोचायला लागली होती. ज्या घड्याळापायी हा माणूस एवढे दिवस शिव्या खात होता, ते मागं सोडून तो निघून गेला होता. त्यानं ते मागितलंही नव्हतं.

ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी त्यांनी गायकवाडांना गाठलं.

“साहेब. आवो साहेब. घड्याळ.”

गायकवाड थांबले. वस्तादांना दम लागला होता, आणि दम लागल्यामुळं जास्तच चीड आली होती.

“काय मानूस हाय तुमी? पायात माती लागली हुती. एक पाऊल राहिलं हुतं. देवाफुडं वाकायचं काय वज्झं झालं?”

“मी वाकत नाही, वस्ताद.”

“का? नवस हाय का?”

“मी बौद्ध आहे.”

ओढ्याच्या फरशीवरून एक गाडी खडखडत चालली होती. ती पुढं जाईपर्यंत दोघं उभे राहिले. गाडीवानानं रामराम घातला तो वस्तादांना ऐकू आला नाही. त्यांनी आधी रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. आपण तसं पाहिलं हे गायकवाडांच्या लक्षात आलं, हेही त्यांना कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

“छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली,” गायकवाड म्हणाले. “मी शाळेत होतो. वडिलांचा हात धरून उभा होतो. इथून पुढं देवांची पूजा करणार नाही, त्यांना देव मानणार नाही, असं सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. वडील गेले. त्यांना दिलेला शब्द तेवढा राहिलाय. तुमच्या मारुतीवर माझा राग नाही.”

“मंग भाऊसायबांनी बडोदा म्हनल्यावर...”

“मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नाही.” गायकवाडांनी पायाला लागलेल्या मातीकडं पाहिलं. “आमच्या वस्तीत आम्हीच खड्डा खणून माती टाकली होती. तिथं लढलो. नोकरीला लागल्यापासून मातीत पाय ठेवला नव्हता, तो आज ठेवला.”

“आन् घड्याळ? आवो, एवढे दिस मी तुमाला काय न्हाई बोललो. समद्यांदेखत बोललो. पोरं हसली, गाव हसलं. एकदा तरी सांगायचं हुतं.”

“घड्याळावरून बोलत होतात, वस्ताद. ते मला ऐकून घेता येत होतं.”

वस्ताद घड्याळ काढायला लागले. घड्याळाचा पट्टा त्यांच्या मनगटाला काचत होता. तो त्यांना सुटेना. गायकवाडांनी पुढं होऊन सोडवला.

दुसरा कोणी शहाणा असता तर गप्प घरी गेला असता. पण गोरख वस्तादांना कुठलीही गोष्ट अर्धी टाकवत नव्हती, आणि डोळ्यांसमोर सहादेवचा मागं राहणारा डावा पाय होता. त्यांनी मुंडाश्याच्या शेवानं मान पुसली.

“ह्ये बघा,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “कुनाला काय सांगायची गरज न्हाई. तुमी आपलं घड्याळ घालूनच या. आरती झाल्यावर या. मी रोज वरडत जाईन. भाऊसायबांना सांगतो, मानूस घड्याळयेडा हाय, पन दोन चांगले डाव सांगतो, ऱ्हाऊ द्या काठावर. तुमी काठावरनं सांगा, सहादेव शिकंल. काय वाईट हाय?”

गायकवाडांनी घड्याळ मनगटाला लावलं नाही. ते त्यांनी मुठीत धरलं होतं.

“म्हणजे मी काठावर,” ते म्हणाले.

“आता त्येला विलाज काय?”

गायकवाडांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे काही वस्तादांना समजलं नाही. ते फॅक्टरीच्या दिशेनं चालू लागले. वस्ताद बराच वेळ ओढ्यावर उभे राहिले आणि घरी आल्यावर रतनबाईनं काय झालं म्हणून विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी वस्ताद लवकर तालमीत आले. काय ओरडायचं ते त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. आले का लाटसाहेब, काल घड्याळ सोडून पळाला, आज परत लटकवून आला, असं काहीतरी. ते असं ओरडायचं की भाऊसाहेबांना दुसरं काही विचारायची आठवण राहू नये. भाऊसाहेबांशीही ते दोन गोड शब्द बोलले. आपण एका माणसाची मोठी सोय केली आहे, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटत असूनही रात्री झोप का लागली नव्हती हे समजत नव्हतं.

भाऊसाहेब मारुतीपुढं कापराच्या वड्या मांडत होते. सहादेव हौदात कुदळीनं माती खालीवर करत होता. आरतीला अजून अवकाश होता, आणि गायकवाड दारात उभे होते.

वस्तादांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर साहेबांच्या हातावर गेली. दोन्ही मनगटं मोकळी होती. ओरडायला जागाच नव्हती.

“वा,” भाऊसाहेब म्हणाले. “आज घड्याळ कुठं ठिवलं?”

“घरी.”

“आलं म्हना शानपन. या, या. आज आरतीला तरी सापडला. पाया पडा.”

“मी पाया पडत नाही, भाऊसाहेब,” गायकवाड म्हणाले. “मी बौद्ध आहे. मी कुस्ती खेळायला आलोय.”

ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण कुदळीचा आवाज थांबला. भाऊसाहेबांनी काडी ओढली होती. ती त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी हात झटकला. मग त्यांनी गायकवाडांकडं पाहिलं नाही, वस्तादांकडं पाहिलं. तालमीतल्या सगळ्यांनीच वस्तादांकडं पाहिलं.

वस्तादांना गायकवाडांचा भयंकर राग आला. एवढं सोपं करून दिलं होतं. सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. भाऊसाहेबांचा मारुती, सहादेवची कुस्ती, ह्याचा शब्द. नुसतं मनगटाला घड्याळ बांधून काठावर उभं राहायचं होतं. तेवढंही ह्याच्यानं झालं नाही. तालीम भाऊसाहेबांची होती, भिंती त्यांच्या होत्या, उद्या वस्तादालाही बाहेर काढायला त्यांना कोणाला विचारावं लागणार नव्हतं. आणि हा गडी सदरा काढून, घडी घालून, फरशीवर ठेवत होता, कोणाच्याही परवानगीची वाट न बघता. त्याचे कान तसेच होते, मान तशीच होती.

“सहादेव,” वस्ताद ओरडले. आवाज नेहमीसारखाच चिडका होता. “कुदळ ठिव खाली. जोड आलीया तुझी.”

“वस्ताद,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुमी आरती करा, भाऊसाहेब. मातीचं मी बघतो.”

गायकवाड हौदात उतरले. घोट्यापर्यंत माती आली. कुस्तीच्या आधी दोघांनी एकमेकांच्या अंगाला माती लावायची असते. ती लावल्याशिवाय हाताला हात भिडत नाही. गायकवाड वाकले, त्यांनी मूठ भरून घेतली आणि सहादेवच्या दंडाला, खांद्याला माती लावली. मग ते हात खाली सोडून उभे राहिले.

आता सहादेवची पाळी होती. सहादेव हलला नाही. त्यानं भाऊसाहेबांकडं पाहिलं.

“तिकडं काय बघतो रं?” वस्ताद म्हणाले. “गडी हिकडं उभा हाय.”

सहादेवनं एकदा वस्तादांकडं बघितलं. मग तो वाकला आणि त्यानं मूठभर माती उचलली.